शाळेची जमा आणि शाळेचे ऋण

एखाद्या जुन्या शाळेचा महोत्सव जवळ आला म्हणजे तिच्या चालकांस पहिली आठवण होते ती माजी विद्यार्थ्यांची. इमारत जीर्ण झालेली असते, ग्रंथालयातील कपाटांस वाळवी लागलेली असते. परंतु आमच्या येथून अमुक न्यायाधीश झाले, तमुक नामांकित शस्त्रवैद्य झाले, हे सांगताना त्यांची मान ताठ होते. यात वावगे काही नाही. मुलांच्या उत्कर्षाचा आईबापांनी अभिमान बाळगू नये असे कोण म्हणेल? तथापि या अभिमानाच्या पोटात एक नीतिविषयक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यातील यशावर शाळेचा हक्क कितपत पोहोचतो? आणि पोहोचत असेल, तर त्याच न्यायाने ज्यांचे काही झाले नाही त्या विद्यार्थ्यांचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

हा प्रश्न मला आरामखुर्चीत बसून सुचलेला नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यातील ज्या शाळेत मी शिकलो, तिला गावातील वृद्ध मंडळी अद्यापि ‘इंग्रजी शाळा’ म्हणूनच ओळखतात. तेथे शिकविण्याची भाषा केव्हाच मराठी झाली. परंतु ज्या काळी इंग्रजीचे चार वर्ग म्हणजे नशिबाचा दरवाजा असे, त्या काळचे नाव लोकांच्या तोंडी तसेच राहिले आहे. या शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘कीर्तिवंत माजी विद्यार्थी’ या प्रकरणाचे काम प्राध्यापक म्हणून माझ्याकडे आले. समितीने छापील अर्ज वाटले होते. त्यांत पद, वेतनश्रेणी, परदेशगमन, पारितोषिके असे रकाने होते. आलेल्या अर्जांची मी प्रशासन, वैद्यक, अभियांत्रिकी, परदेश अशी वर्गवारी केली आणि ‘शिक्षण’ या शीर्षकाखाली माझे स्वतःचेही एक पान होते. काम सुखाने चालले होते. शेवटी, माझ्याच वर्गातील एकाचे नाव मी समितीपुढे ठेवले, तेव्हा एक सद्‌गृहस्थ सहजपणे म्हणाले, “पण त्याच्याविषयी लिहायचे काय?” त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. त्या अर्जातील एकही रकाना भरत नव्हता, एवढाच त्यांचा आशय होता. त्या नावाकडे मी पुढे येईन. प्रथम या रकान्यांचाच थोडा विचार केला पाहिजे.

आमच्या वऱ्हाडात इंग्रजी शिक्षणाची वाट फार अरुंद होती. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पुढे कित्येक दशके उच्च शिक्षणासाठी येथील मुलास मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठावे लागे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. इंग्रज ज्यास ‘बासिम’ म्हणत तो वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यास जोडण्यात आला, आणि तो पुन्हा स्वतंत्र झाला १९९८ साली. तेव्हा शाळेच्या बाबतीत आमचे पूर्वज कोण, असा प्रश्न कोणी केल्यास बोट अकोल्याकडेच दाखवावे लागते. त्या अकोल्याच्या इंग्रजी शाळेचा सर्वांत कीर्तिमान विद्यार्थी म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

१८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या गावी दरिद्री घरात जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी वणवण करीत, मध्ये कचेरीत उमेदवारी आणि दवाखान्यात औषधे देण्याचे काम करीत, अखेर अकोल्यास येऊन पोहोचला. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक त्यास लाभला. ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहून त्याने आपला खर्च भागविला आणि १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात असताना अंगात एकच सदरा होता. तो रात्री धुवावा आणि सकाळी घालावा, ही हकीकत महाराष्ट्रातील मुलांस पाठ आहे. त्याहूनही प्रसिद्ध आहे ते त्यांनी आईस लिहिलेले पत्र. मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागून आपले पांग फिटतील, अशी आशा करू नकोस, असे त्यांनी त्या माउलीस आधीच कळविले.

आता अशी कल्पना करू या, की १८८२ साली अकोल्याच्या त्या शाळेने एक स्मरणिका काढावयाचे ठरविले आणि आमच्यासारखेच छापील अर्ज वाटले. आगरकरांच्या अर्जात काय आले असते? पद: नव्यानेच निघालेल्या एका खासगी शाळेतील शिक्षक. वेतन: सांगण्यासारखे नाही. विशेष: कोल्हापूर प्रकरणी बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. कोणत्याही समंजस समितीने हा अर्ज हळूच बाजूस ठेवला असता. दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, तेच गृहस्थ फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. तोपर्यंत ‘सुधारक’ पत्रातील लेखांमुळे पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढलेली होती. १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, ते वारले. आज त्यांचे नाव सांगताना अकोल्यास धन्यता वाटते. पण ती धन्यता काळाने दिलेली आहे, रकान्यांनी नव्हे.

याच शाळेशी निगडित दुसरे आयुष्य महाजनींचे. त्यांनी सरकारी शिक्षणखात्यात नोकरी केली, वऱ्हाडच्या शिक्षणखात्याच्या प्रमुखपदापर्यंत ते चढले, शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’ नाटकाचा ‘तारा’ या नावाने मराठी अवतार केला आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांचा अर्ज कोणत्याही स्मरणिकेत पहिल्या पानावर गेला असता, आणि तो योग्यच ठरला असता. आगरकर थोर म्हणून महाजनी सामान्य, असा निवाडा मी करू इच्छीत नाही. महाजनी सुस्थितीत राहिले म्हणूनच कित्येक गरीब मुलांना आधार देऊ शकले. माझा मुद्दा इतकाच, की आपल्या अर्जाच्या रकान्यांत महाजनींचे पद मावते, परंतु त्यांनी आधार दिलेली मुले मावत नाहीत; आणि आगरकर तर मुळीच मावत नाहीत.

येथे आणखी एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १८३५ साली मेकॉलेने आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले, तेव्हा राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा एक वर्ग निर्माण करावा, असा हेतू त्याने उघड सांगितला होता. त्या हेतूच्या दृष्टीने पाहिल्यास इंग्रजी शाळेचा यशस्वी विद्यार्थी म्हणजे वेळेवर कचेरीत जाणारा कारकून. आगरकर किंवा टिळक ही त्या कारखान्यातील बिघडलेली नगे होत. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांमुळे आज जुन्या इंग्रजी शाळांची नावे घेतली जातात, ते बहुतांशी शाळेचा मूळ हेतू मोडून मोठे झालेले आहेत. मग त्यांच्या मोठेपणाचे श्रेय शाळेस कोणत्या तोंडाने घेता येईल?

या प्रश्नाचे सर्वांत बोचरे रूप पाहावयाचे असल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन आठवावे. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी ते घरून गोणपाट नेत. तहान लागली तर नळास हात लावण्याची मुभा नव्हती, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी त्यांचा सत्कार झाला तो समाजाने भरविलेल्या सभेत. आणि त्यांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र देणारे कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक होते, म्हणजे त्यांच्या शाळेचे नव्हतेच. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यातही याच केळूसकरांचा हात होता. आज बाबासाहेब ज्या ज्या शाळेच्या बाकावर, किंवा बाकाखाली, बसले त्या प्रत्येकीस त्यांचे नाव आपल्या पटावर आहे याचा अभिमान वाटतो. वाटू द्यावा. परंतु आपल्या जुन्या धर्मशास्त्रात वारसाविषयी एक नियम होता: बापाची इस्टेट पाहिजे असेल, तर बापाचे कर्जही अंगावर घेतले पाहिजे. कीर्तीच्या वारशास हाच नियम लावावा असे मला वाटते. ज्या शाळेस बाबासाहेबांचे नाव आपल्या जमेस धरावयाचे असेल, तिने ते गोणपाटही आपल्या नावे मांडले पाहिजे. आणि त्या गोणपाटावर बसून कंटाळून जी दुसरी मुले घरी परत गेली, व ज्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत, त्यांचाही हिशेब दिला पाहिजे.

हा हिशेब कोणी दिलेला आहे काय? मला एक उदाहरण दिसते, आणि ते आमच्या जिल्ह्याशी थोडेफार संबंध असलेले आहे. पंजाबराव देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी घरातले. त्यांच्या शालेय शिक्षणाचा काही काळ आमच्या कारंजास गेला. नंतर अमरावती, पुणे आणि तेथून विलायत. ऑक्सफर्डची वैदिक धर्मावरील प्रबंधाची पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन ते परतले. स्मरणिकेचे रकाने तेवढ्यानेच ओसंडून गेले असते. परंतु परत आल्यावर त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून झालेल्या चळवळीत ते उतरले, आणि १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे दहा वर्षे ते भारताचे कृषिमंत्री होते, ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगत आहे. माझ्या मते त्यांची खरी गुणपत्रिका निराळी आहे: ज्या वाटेने आपण एकटे गेलो, ती वाट मागून येणाऱ्यांसाठी रुंद करणे त्यांनी आपले देणे मानले. आज वऱ्हाडातील कित्येक शेतकऱ्यांची मुले पदवीधर आहेत, त्यात या देण्याचा मोठा वाटा आहे.

याउलट टोकाचे उदाहरण घ्यावयाचे तर गाडगेबाबांचे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर नाही. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे घेऊन त्यांनी गावे झाडली, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा, छात्रालये उभी केली. प्रसंगी जेवणाचे ताट मोडा, पण मुलाला शिकवा, असा त्यांचा उपदेश असे. १९५६ साली ते गेले. १९८३ मध्ये अमरावतीस विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज त्यास त्यांचे नाव आहे. आमच्या वाशीमच्या महाविद्यालयांतून जी मुले पदवीधर होतात, त्यांच्या पदवीपत्रावर सर्वांत वर छापलेले नाव असते ते कधी शाळेत न गेलेल्या माणसाचे. दर वर्षी ती पदवीपत्रे पाहताना मला वाटते, की आमच्या ‘कीर्तिवंत’ या शब्दाची याहून सौम्य कानउघाडणी दुसरी नसेल.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास या ठिकाणी ग्रे कवीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तो स्वतः ईटनचा, म्हणजे इंग्लंडातील अत्यंत नामांकित शाळेचा विद्यार्थी. १७४७ साली त्याने आपल्या शाळेस दुरून पाहून एक काव्य प्रसिद्ध केले. त्यात मैदानावर खेळणाऱ्या मुलांस पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नाही, या विचाराने तो व्याकुळ होतो. चार वर्षांनी त्याचे खेड्यातील दफनभूमीवरील विलापकाव्य प्रसिद्ध झाले, आणि त्यात तो ज्यांना कधी संधीच लाभली नाही अशा अनाम माणसांपाशी जाऊन थांबला. मला या दोन कविता एकाच विचाराचे दोन भाग वाटतात. ईटनच्या मैदानावरून जो माणूस त्या दफनभूमीपर्यंत चालत गेला नाही, त्यास आपले ईटनही पुरते समजले असे म्हणता येणार नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की यशस्वी विद्यार्थ्यांच्या याद्या मुलांना उमेद देण्यासाठी असतात. त्यांत अपयशाची आणि अभाग्यांची भर घालून मुलांची मने कशाला खचवावीत? हा आक्षेप पोकळ नाही. खेड्यातून आलेल्या मुलीस आपल्याच बाकावर बसून गेलेली एखादी स्त्री आज जिल्हाधिकारी आहे हे कळले, तर तिच्या पावलांस बळ येते, हे मी अनुभवाने जाणतो. तेव्हा याद्या करू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु यादी मुलांस नकळत दुसरीही एक गोष्ट शिकविते. जे यादीत आहेत ते आपल्या गुणांमुळे आहेत, आणि जे नाहीत ते आपल्या उणिवांमुळे नाहीत, असे ती बजावते. हे मात्र खरे नव्हे, आणि असत्याने दिलेली उमेद फार काळ टिकत नाही. पहिल्या ठेचेसरशी तिचे रूपांतर न्यूनगंडात होते. आणि ठेच लागलीच नाही, तर उद्दामपणात.

हे खरे नव्हे, याची साक्ष देण्यास मी स्वतः उभा आहे. ज्याच्याविषयी लिहायचे काय असा प्रश्न समितीत निघाला, तो माझा वर्गबंधू गणितात माझ्याहून निःसंशय सरस होता. आम्ही दोघेच स्पर्धेत होतो असे म्हणण्यास हरकत नाही. आणि दर सहामाहीस मी दुसरा येत असे. नववीच्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले. संक्रांतीनंतर तो शाळेत आला नाही. त्या वर्षीची शिष्यवृत्ती एकच होती आणि ती मला मिळाली. तिच्यावर माझी पुढील दोन वर्षे निघाली, आणि त्या दोन वर्षांवर माझे सारे आयुष्य. तो बाजारात एका अडत्याकडे हिशेबनिसाच्या हाताखाली लागला. तीन धाकट्या भावांच्या फिया त्याने भरल्या. त्यांपैकी दोघांची पाने स्मरणिकेत आहेत, एक ‘अभियांत्रिकी’खाली आणि एक ‘परदेश’खाली. मी मात्र चाळीस वर्षे लोकांस ‘मी वर्गात पहिला होतो’ असे सांगत आलो. ते खोटे नव्हते. शेवटच्या वर्षी मी पहिला होतोच. पण ती जागा रिकामी कशी झाली, हे मी कोणास सांगितले नाही.

त्या सभेनंतर मी शाळेत जाऊन जुना पट काढून पाहिला. ज्यांनी कधी शाळेच्या पटाची पाने उलटली आहेत, त्यांना ठाऊक असेल, की अगदी उजवीकडे शाळा सोडण्याच्या कारणाचा एक रकाना असतो. माझ्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ असे सुवाच्य अक्षरात आहे. त्याच्या नावापुढे दोनच शब्द आहेत: ‘सतत गैरहजर’. लिहिणाऱ्या कारकुनाचा त्यात दोष नाही. नियमाप्रमाणे तेच लिहावे लागते. परंतु आमच्या वर्गातील ज्या मुलाने सर्वांत अधिक भार उचलला, त्याच्याविषयी शाळेच्या दप्तरात असलेला अखेरचा अभिप्राय हा आहे. खाली-वर पाहिले तर तेच दोन शब्द पानोपानी होते, आणि मुलींच्या नावांपुढे तर अधिकच दाट.

मी त्याच्याकडे गेलो. स्मरणिकेत तुझ्याविषयी लिहू इच्छितो, असे सांगितले आणि शिष्यवृत्तीची गोष्टही प्रथमच बोललो. तो तुरीच्या पोत्यांवर टेकून वही पाहत होता. वही न मिटताच हसून म्हणाला, “माह्यं नाव छापलं त काय तुरीले भाव जास्त भेटते बे?” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “पण आपल्या गणिताच्या मास्तरचं नाव टाकजो. त्यायच्यामुळं माह्या हिशेबात आजपावतो एक पैशाची चूक नाई निघाली.”

त्या वाक्यापाशी मला माझ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडले. शाळेचा विद्यार्थ्याच्या आयुष्यावर हक्क नसतो. शाळेचा त्यात एक अंश असतो, आणि तो अंश पदाच्या उंचीवर मोजता येत नाही. परदेशातील अभियंत्याच्या गणितात आमच्या मास्तरांचा जितका अंश आहे, तितकाच बाजारातील त्या वहीत आहे. जी शाळा पहिल्या अंशाचा उत्सव करते आणि दुसऱ्याची नोंद ‘सतत गैरहजर’ अशी ठेवते, ती आपल्याच कमाईचा निम्मा भाग पाण्यात टाकते. आणि विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर आपण जेथे पोहोचलो तेथे आपल्यासाठी कोणाची तरी जागा रिकामी झालेली असते, हे ओळखणे ही कृतज्ञतेची पहिली पायरी होय. आगरकरांच्या आईने पाहिलेले स्वप्न त्यांनी पुरे केले नाही. त्यामुळे त्यांच्या थोरवीचा एक हप्ता त्या माउलीने फेडला आहे, हे आपण विसरता कामा नये.

समितीपुढे मी दोन सूचना मांडल्या. पहिली, स्मरणिकेच्या शेवटी एका वर्षाच्या तुकडीचा संपूर्ण पट, प्रवेश क्रमांकाच्या ओळीने, कोणतीही पदवी न लावता छापावा. दुसरी, शिक्षकांची नावे विद्यार्थ्यांच्या आधी यावीत. दुसरी तत्काळ मान्य झाली. पहिलीविषयी पानांची अडचण निघाली, म्हणून मी माझे पान मोकळे करून दिले. यात त्याग मुळीच नाही. ते पान मुळात अर्धेच माझे होते. पट आमच्याच तुकडीचा निवडला आहे. त्याच्या शेवटी शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना छापावा की गाळावा, यावर मात्र समितीत अद्यापि वाद चालू आहे, आणि माझे मत छापावा असे आहे.